पहिलं दळण ज्वारीचं

२३ फेब्रुवारी. मावशीच्या स्वयंपाकघरातले पिठाचे दोन डबे घासायचे होते. एकाच्या कडीला लाल चिंधी बांधलेली, तो भाकरीचा. दुसरा बिनचिंधीचा, तो पाहुण्यांच्या पोळ्यांचा. मावशीला जाऊन बारा दिवस झाले होते. आदल्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, बिछायतवाला भाड्याची भांडी घेऊन गेला, आणि घर आवरायला मी आणि तिची नात ऋतुजा अशा दोघीच उरलो.

ऋतुजा दहावीला आहे. ती आतल्या खोलीत पुस्तकं पिशवीत भरत होती, कारण दुपारी तिचे वडील तिला इंझोरीला न्यायला येणार होते. त्या घरात दोन्ही वेळा पोळी होते. पोळीने या मुलीच्या अंगावर काय उठतं ते मला माहीत आहे. तिच्या आईच्या अंगावरही मी ते पाहिलं आहे. डबे घासताना माझ्या डोक्यात एकच होतं, तिच्या वडिलांना काय सांगायचं. माझ्या हातात एकही कागद नव्हता.

मावशी माझी कोणी नव्हती. घरमालकीण होती. एकोणीस-वीस वर्षांपूर्वी शेलूबाजारला माझी बदली झाली तेव्हा खोली पाहायला मी तिच्या दारात उभी राहिले. मी नर्स आहे, एकटी राहीन, शनिवारी वाशिमला नवऱ्याकडे जाईन, माझ्याकडे फार कोणी येत-जात नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. जीभ दाखव."

"कशाला?" मी विचारलं.

"संडास एक हाय अन् बाया दोन. तुह्यं पोट कसं हाय ते मले समजू दे ना व."

मी दारात उभी राहून जीभ दाखवली. तिने मला उजेडाकडे वळवलं, नीट पाहिलं. "पांढरी हाय. चहा कमी कर. खोली मागच्या अंगाले हाय, ये." आमचा भाडेकरार एवढाच झाला.

लोक भेटल्यावर जय भीम म्हणतात, राम राम म्हणतात. मावशी या दोन्हींनंतर लगेच विचारायची, "पोट कसं हाय?" पोस्टमनला विचारायची, जीपवाल्याला विचारायची. शेजारच्या लग्नात हळद लागलेल्या नवरदेवाला तिने चारचौघांत विचारलं होतं. मत मागायला आलेल्या एका पुढाऱ्याने हात जोडले, तर त्याचा गाल निरखत म्हणाली, "पोट साफ होते का भाऊ? डाग पडून राह्यले तोंडावर." बरोबरचे सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याचाच एक माणूस मोटरसायकलवर येऊन, काय खायचं आणि काय नाही, ते हळूच विचारून गेला.

तिचं म्हणणं एकच होतं. कातडीवर जे उठतं ते पोटातून येतं. माझ्या खिडकीत वांगाच्या डागांवरची क्रीमची ट्यूब असायची. ती दिसली की तिचं तोंड सुरू व्हायचं. "भितीले आतून ओल आली अन् तू वरतून चुना लावून राह्यली. नळ कुठं फुटला ते पाय ना आधी."

"मावशी, उन्हानं पडतात ते डाग."

"ऊन तं माह्या तोंडावरही पडते."

आता खरं सांगायचं तर ती बहुतेक वेळा चुकायची. एका मास्तरांच्या मानेवर गजकर्ण आलं. तिने त्यांना ताक आणि सुंठ सांगितली. तीन आठवड्यांत ते मानेवरून कानामागे पोचलं. मी मलम दिलं आणि ते गेलं. मी तिला म्हटलं, "पाहिलं?" तर म्हणते, "ताकानं आतून सैल पडलं व्हतं, म्हून तुह्या मलमानं उतरलं." मागच्या गल्लीतलं एक अख्खं घर खरजेनं खाजवत होतं. मी म्हटलं, "सात जणांचं पोट एकाच वेळी कसं बिघडेल?" ती शांतपणे म्हणाली, "बिघडते. एकाच गंजातली भाजी खाल्ली ना त्याईनं."

दहापैकी सात वेळा ती चुकायची असं धरा. मी शिकलेली बाई. सात चुका पाहिल्या आणि उरलेल्या तीन वेळा मी पाहायचं सोडून दिलं.

हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ती चौथी पास होती. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगी. मुलींच्या एका वसतिगृहात तिने बावीस वर्षं स्वयंपाक केला होता. साठ पोरींची ताटं रोज दोन वेळा तिच्या डोळ्यांखालून जायची. कोणाच्या ताटात काय उरलं, कोणी वांगं बाजूला सारलं, कोणी दुसऱ्यांदा वरण मागितलं आणि चार दिवसांनी कोणाच्या तोंडावर काय उठलं, हे ती मनात ठेवायची. पुढे मनात मावेना म्हणून कॅलेंडरवर खुणा करायला लागली. लोक कॅलेंडरवर दुधाचे रतीब लिहितात. ती ठिपके, रेघा आणि फुल्या काढायची. ठिपका म्हणजे भाकर, रेघ म्हणजे पोळी, फुली म्हणजे अंगावर फोड. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून सुतळीने बांधायची आणि माळ्यावर टाकायची. मी आले तेव्हा त्या खुणा एकाच माणसाच्या उरल्या होत्या. तिच्या मुलीच्या, वर्षाच्या.

वर्षाचं लग्न इंझोरीला झालं होतं. माणसं चांगली. पाण्याची शेती, घरचा गहू. लग्नानंतर सहाच महिन्यांत वर्षा माहेरी आली ती कोपरं, गुडघे आणि कंबरेखालचा भाग ओरबाडलेला घेऊन. बारीक पाण्याचे फोड यायचे. खाज इतकी की नखांनी रक्त निघायचं. गल्लीत कोणीतरी महारोग म्हणून कुजबुजलं. मी तिच्या हातापायांना टाचणी आणि कापूस लावून पाहिलं, संवेदना शाबूत होती. महारोग नाही असं चारचौघांत ठणकावून सांगितलं. तेवढं एक बरोबर केलं. मग खरजेची बाटली दिली.

दोन महिन्यांत फोड सुकले. वर्षा सासरी गेली, पुन्हा आले. माहेरी आली, पुन्हा सुकले. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी माझ्या बाटलीची पाठ थोपटली.

मावशीने मला कॅलेंडर दाखवलं. वर्षा सासरी असली की ही रोज फोन करून विचारायची, काय खाल्लं, फोड आहेत का, आणि खुणा करायची. "पाय नर्सबाई. जिथं रेघा तिथं फुल्या. जिथं ठिपके तिथं कोरं."

"गहू अख्खं जग खातं मावशी."

"जग खाते. माह्या पोरीले सोसत नाई."

तिने विहीणबाईंना सांगून पाहिलं होतं. त्या वाईट नव्हत्या. पण आमच्याकडे भाकर रोजची आणि पोळी मानाची. म्हणाल्या, "आमच्या घरी भाकर वावरातल्या मजुराईसाठी होते. सुनेले भाकर चारली तं लोक काय म्हणतीन? घरचा गहू हाय, तिनं पोटभर खावा." कागद असता तर त्यांनी ऐकलं असतं, असं मावशीचं म्हणणं होतं. म्हणून तिने माझ्यापाशी कागद मागितला. "तुह्या सहीचा दे. या पोरीले गहू देऊ नोका, इतकंच लेहून दे. मी दुसरं काई मागत नाई तुले."

मी म्हणाले, "असा कागद देणं माझ्या अधिकारात नाही."

खरंच नव्हतं. पण त्याहून खरं कारण हे की मला तो वेडेपणा वाटत होता.

वर्षभर तिने माझं डोकं खाल्लं. शेवटी आमच्या दवाखान्यात आलेल्या एका तरुण डॉक्टरला मी विचारलं. तो म्हणाला, असा एक आजार आहे खरा, गव्हाने आतड्याच्या अस्तराची नासाडी होते आणि काहींच्या कातडीवर फोड येतात. रक्ताची तपासणी करून घ्या. तपासणी अकोल्याला होणार होती. तोवर वर्षा पाच महिने माहेरीच होती. मावशीने तिला जिवापाड जपलं. गव्हाचा कणही नाही. परात वेगळी, तवा वेगळा. गिरणीच्या जात्यात गव्हाचं पीठ राहतं म्हणून सकाळी गिरणी उघडायच्या आधी ही डबा घेऊन उभी राहायची. पहिलं दळण ज्वारीचं, आणि त्यातलंही पहिलं पसाभर पीठ बाजूला काढून कोंबड्यांना. गिरणीवाल्याशी तिची रोज भांडणं व्हायची. "मावशी, तुमच्यासाठी काय गिरणी धुवून ठेवू?" "ठेव. तुह्यंही पोट सुधरन."

पोरगी अशी नितळ होऊन अकोल्याला गेली. रिपोर्ट आला. मी ओट्यावर उभी राहून वाचला. दोघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"मावशी, काही नाही. नॉर्मल आहे," मी म्हणाले. मला आनंद झाला होता.

मावशीने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. कागद तीच मागत होती, आता कागद आला होता. तो इंझोरीला पोचला आणि विषय संपला. वर्षा सासरी गेली, तिला दिवस गेले.

सातव्या महिन्यात आली तेव्हा डोळ्यांच्या खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. लोहाच्या गोळ्या मीच देत होते. "घेतेस का?" "घेतो ना ताई." पुढच्या वेळी रक्त आणखी उतरलं होतं. मी तिला रागावले. "खोटं बोलू नको वर्षा. घेतल्या असत्या तर वाढलं असतं. कुठे फेकतेस?" तिच्या उशीखाली पाहिलं, कचऱ्याची बादली पाहिली. ती भिंतीला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "संडासले काळं होते ताई. फेकल्या असत्या तं काळं काहून झालं असतं?"

हे मला कळायला हवं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

चुलीपाशी बसलेली मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गोळी पोटात जाते, अंगी लागत नाई. आतून भीत खचली तिची."

बाळंतपणात वर्षाला फार रक्तस्राव झाला असं नाही. दुसरी बाई तेवढा सोसते. हिच्या अंगात सोसायला रक्तच नव्हतं. मुलगी वाचली, ती ही ऋतुजा. बाराव्या दिवशी मावशी ती पोर टॉवेलात गुंडाळून इंझोरीहून एसटीने घेऊन आली. मला म्हणाली, "दूध कोणतं सोसन हिले, सांग." बाकी एक शब्द नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

माझी बदली जऊळक्याला झाली. काही वर्षांनी परत शेलूबाजारला आले, दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. मध्यंतरी ऋतुजा एका उन्हाळ्यात महिनाभर इंझोरीला राहून आली, तीच कोपरं आणि तेच फोड घेऊन. त्यानंतर मावशीने तिला पाठवलं नाही.

सात वर्षांपूर्वी आमचं एक प्रशिक्षण झालं. पडद्यावर फोटो दाखवत होते. एका फोटोत एक कोपर होतं. मी जागेवरच सरळ बसले. बाई सांगत होत्या की हे फोड गव्हाने येतात, रक्त कमी राहतं, गोळ्यांनी वाढत नाही. आणि मग म्हणाल्या, एक लक्षात ठेवा, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. गहू बरेच दिवस बंद असेल तर रक्तात काही सापडत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतो.

त्याच संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ती ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. मला वाटलं, तिचं खरं होतं हे तिला कोणीतरी म्हणायला हवं.

"मावशी, तुमचं बरोबर होतं."

"मले माहीत व्हतं. तुले आता माहीत झालं." सुपातले खडे ती एकेक करून टिपत होती. मग हात थांबला. "मंग तो कागद?"

मी सांगितलं. पोटात गहू असला तरच रक्तात दिसतं.

तिने सूप खाली ठेवलं. "म्हंजे म्या तिले पाच महिने भाकर चारली, म्हून कागद कोरा आला?"

"हो," मी म्हणाले.

"रोज पयला नंबर लावे म्या गिरणीवर," ती म्हणाली. "रोज."

तेव्हा मी म्हणाले, की चूक माझी होती, सांगायचं काम माझं होतं, मला माहीत नव्हतं. तिने मान हलवली, पण ते तिच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. खरं सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही. पण ते मी माझं ओझं हलकं करायला सांगितलं की तिचं, याचा हिशेब मला लागत नाही.

त्या दिवसानंतर मावशीने कोणाला पोट विचारलं नाही. पोस्टमन मला म्हणाला, "मावशीची तब्येत बरी नाई का? काई विचारत नाई." जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं, त्यावर एकही खूण नव्हती. ऋतुजाची भाकर मात्र चुकली नाही, आणि गिरणीवरचा पहिला नंबरही. ऋतुजाची तपासणी करू, असं मी दोनदा सुचवलं. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत काही आठवडे तिला गहू द्यावा लागला असता. मावशी म्हणाली, "कागदासाठी पोरीले फोड आणू? नाई. मले कागद नोको आता." मी जोर केला नाही.

या महिन्यात तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात तिला पाहायला गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, "मावशी, पोट कसं आहे?" ती हसली नाही. म्हणाली, "दळण सरलं हाय घरचं." दुसऱ्या दिवशी गेली.

तर २३ तारखेला दुपारी ऋतुजाचे वडील आले. हळू बोलणारा माणूस. वर्षा गेल्यावर दुसरं लग्न झालं, दोन मुलं आहेत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगी परीक्षेले जीपनं येणं-जाणं करन. इथं एकटी कशी ठेवू?"

मी डबे पुसून उन्हात ठेवले होते. तिथेच उभी राहून म्हणाले, "तिला गहू चालत नाही. वर्षाला चालत नव्हता तसाच."

"सिस्टर, वर्षाचा रिपोर्ट नॉर्मल व्हता. तुमीच तं वाचला व्हता."

"मीच वाचला. पण त्या रिपोर्टला अर्थ नव्हता." आणि का नव्हता ते सांगितलं. मावशीला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता.

ते डब्यांकडे पाहत राहिले. "मंग मले त्या वक्ती कोणी काहून नाई सांगितलं?"

"मला माहीत नव्हतं. मावशी सांगत होती."

"सांगत व्हती," ते म्हणाले. मग म्हणाले, "वर्षा नाई म्हणे. पोटात दुखते म्हणे. मंग म्या म्हणो, दोन जिवाची हायेस, अर्धी तरी खाय. माह्या हातानं तूप लावून देवो." रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, आणि रुमाल हातातच ठेवला.

ऋतुजा दारात पिशवी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहू द्या. मग दोघं मिळून मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ. तपासणी कशी करायची ते त्यांना ठरवू द्या. तोवर पोळी नाही."

"घरी दाखवाले काईतरी लागन. माय मानत नाई. लेहून द्या."

तेव्हाही माझ्या अधिकारात नव्हतं, आताही नाही. ऋतुजाच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. आईला काय होत होतं, तो रिपोर्ट का धरू नये, मुलीला महिनाभर गव्हाने काय झालं होतं, डॉक्टर सांगेपर्यंत गहू देऊ नये. खाली सही, हुद्दा, फोन नंबर. एका पानात सगळं मावलं. मावशीने मागितलं होतं ते तर एकाच ओळीचं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि एकटेच परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लाल चिंधीच्या डब्यात ज्वारी घेऊन मी गिरणीवर गेले. शटर अर्धंच उघडलं होतं. गिरणीवाल्याने आधी डबा ओळखला, मग मला.

"पहिला नंबर माझा," मी म्हणाले.

"तुमचाच हाय सिस्टर. मावशी गेली तरी म्या सकाळी गहू पयले घेत नाई. हातच तिकडं वयत नाई." त्याने जात्याच्या तोंडावरचं फडकं काढलं, कुंचल्याने आतलं पीठ झाडलं, माझी ज्वारी ओतली आणि पट्टा चढवला. पहिलं पसाभर पीठ मी न सांगता त्याने बाजूला काढलं.

मी विचारलं, "पोट कसं आहे तुमचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं हाय," म्हणाला, आणि जीभ दाखवली.

मी त्याला उजेडाकडे वळवून नीट पाहिली. मग गरम पिठाचा डबा उचलून घरी आले आणि तवा ठेवला. ऋतुजाचा आठ वाजता क्लास होता.